जागा एकाची, गरज पथकाची

चार महिन्यांचं बाळ. डोक्याचा घेर वाढत चाललेला, टाळू फुगलेली, नजर खाली झुकलेली. मेंदूतलं पाणी वाहून जाण्याची वाट अडली आहे, हे साध्या सोनोग्राफीतही कळतं. अडचण पुढे असते. मोठ्या शहरांबाहेरच्या अनेक सरकारी रुग्णालयांत आम्ही आईच्या हातात मुंबई-पुण्याची चिठ्ठी देतो. त्या प्रवासात गेलेले दिवस बाळाच्या मेंदूला परवडणारे नसतात.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘बाल न्यूरोसर्जनची जाहिरात काढा’. पण हा डॉक्टर तयार कसा होतो ते पाहा. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन, एमसीएचची तीन आणि वर भारतात किंवा परदेशात फेलोशिप. पस्तिशीला टेकलेल्या अशा माणसाला आपण कंत्राटी सहायक प्राध्यापकपद देऊ केलं, तर तो मुलाखतीलाही का यावा?

‘मोठ्यांचे न्यूरोसर्जन आहेत की!’ असंही म्हटलं जातं. तातडीचा शंट ते बसवतात आणि जीव वाचवतात, हे खरंच आहे. पण तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. तिथे थोडासा रक्तस्रावही भारी पडतो. म्हणून लहान मुलांचा भूलतज्ज्ञ, नवजात अतिदक्षता विभाग, प्रशिक्षित परिचारिका आणि बारीक एंडोस्कोप यांच्याशिवाय नुसता सर्जन आणून भागत नाही. शिवाय शंट तुंबतो, त्यात जंतुसंसर्ग होतो. ते मूल पुढे कित्येक वर्षं त्याच दारात येत राहतं. दर वर्षी नवा डॉक्टर भेटला, तर त्याचा इतिहास कोण लक्षात ठेवणार?

अध्यापन रुग्णालयात हा माणूस फक्त शस्त्रक्रियेसाठी नको असतो. उद्या तालुक्याच्या गावी जाणाऱ्या निवासी डॉक्टरांना डोक्याचा घेर मोजण्याची सवय त्याने लावायची असते. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांची नोंद ठेवून स्त्रीरोग विभागाला सांगायचं असतं, की गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घेतलं तर यातली बरीच बाळं सुदृढ जन्मतील. ओपीडीच्या गर्दीत या कामासाठी वेळ राखून ठेवला नाही, तर ‘प्राध्यापक’ ही फक्त दारावरची पाटी उरते.

प्रत्येक महाविद्यालयात असं पथक उभारणं लगेच शक्य नाही, हे मान्य. पण प्रत्येक महसूल विभागात एक केंद्र निवडून तिथे कायम पद, बढतीची स्पष्ट वाट आणि पूर्ण पथक देता येईल. भोवतालच्या जिल्ह्यांनी मुलं तिकडे पाठवावीत आणि शस्त्रक्रियेनंतरची तपासणी गावाजवळ करावी.

पुढची जाहिरात काढण्याआधी अधिष्ठात्यांनी एवढंच विचारावं: हा डॉक्टर उद्या रुजू झाला, तर परवा सकाळी त्याच्या टेबलाजवळ आणखी कोण कोण उभं असेल?