गुलछडी एकदा लावली म्हणजे कायमची नव्हे



गुलछडी म्हणा नायतर निशिगंध म्हणा, पीक बहुवर्षायू. त्यामुळं आपल्याकडं समज झालाय, की एकदा कंद टाकले की पाच-सहा वर्षं बघायला नको. मीही त्यातलाच होतो. आज माझं मत साफ आहे. जमीन भारी असेल तर दोन वर्षं, हलकी निचऱ्याची असेल तर तीन. त्यापुढं प्लॉट ठेवायचा नाही.

का, ते सांगतो. गुलछडीचा एक कंद एकदाच दांडा देतो. त्याच्या बगलेला पिल्लं सुटतात आणि पुढचा दांडा त्या पिल्लांतून येतो. वरून आपल्याला बेट तेच दिसतं, पण खाली पिढी बदलत असते. तिसऱ्या वर्षापर्यंत कंदांची नुसती दाटी होते. दाटीत कंद बारीक, बारीक कंदाचा दांडा आखूड, फुलं कमी.

माझा २० गुंठ्यांचा सिंगलचा प्लॉट मी चौथ्या वर्षी पण ठेवला. परत लावणीचा खर्च नको, एवढाच विचार. गणपतीच्या तोंडावर पानं पिवळी पडली. दुकानदारानं तीन फवारण्या दिल्या, मी मारल्या. फरक शून्य. शेवटी मंडळी म्हणाली, "अहो, एक बेट उपटून तरी बघा." उपटलं तर मुळ्यांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी! दुखणं मुळीत आणि मी औषध मारतोय पानावर. गणपती ते दसरा, फुलाचा खरा हंगाम, हातचा गेला.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. त्याच प्लॉटातले कंद मी आदल्या उन्हाळ्यात भाच्याला फुकट दिले होते. कंदाला चिकटलेल्या मुळ्या-मातीबरोबर सूत्रकृमी त्याच्या रानात गेले. आता त्याच्या वांग्याला, टोमॅटोलाही गाठी दिसतात. तो मामाला काही बोलला नाही, पण मला कळतं.

म्हणून वेळेवर कंद काढा. फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. कंद काढून माती झटकायची, सावलीत पसरून महिनाभर विश्रांती द्यायची. २० ते ३० ग्रॅमचे निरोगी कंद निवडून बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवायचे आणि एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या रानात लावायचे. जुन्या रानात लगेच वांगी, टोमॅटो, भेंडी नको. झेंडू घ्या, त्यानं सूत्रकृमी कमी होतात. नवीन बेणं घेणार असाल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं शृंगार हे सिंगल वाण गाठीच्या सूत्रकृमींना बऱ्यापैकी टिकतं.

मजुरीचं म्हणाल, तर चांगल्या प्लॉटातले जादा कंद बेणं म्हणून विकले जातात, बराच खर्च निघतो. गाठीच्या प्लॉटातला मात्र एकही कंद विकायचा नाही, द्यायचाही नाही.

कृषी पदवीधर मंडळींनाही एक विनंती. शिफारशीत "तीन वर्षे ठेवावे" एवढंच लिहू नका, कारण पण सांगा. आणि बांधावर आलात तर फवारणी लिहायच्या आधी एक बेट उपटून दाखवा.

तुम्ही प्लॉट किती वर्षं ठेवता, जमीन कशी आहे, ते लिहा. आणि पाव्हण्याला कंद द्यायच्या आधी मुळ्या बघा.