नगरपरिचय : कंधार

मन्याड नदीकाठचे कंधार हे राष्ट्रकूटांचे वैभव पाहिलेले नगर. सम्राट तिसरा कृष्ण (इ. स. ९३९-९६७) 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत असे. त्याच्याच राजवटीत सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये 'यशस्तिलक' पूर्ण केले. पुष्पदंतांनी मान्यखेटात 'महापुराण' रचले.

येथील भुईकोट, त्याभोवतीचा खंदक, जगत्तुंग समुद्र हा विस्तीर्ण तलाव आणि महाकाय क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष अवश्य पाहावेत. राज्य लयास गेले, ग्रंथ मात्र उरले. कारण श्रावकांनी त्यांच्या प्रती करवून भांडारांत जपल्या. पाषाणांना असा वाली क्वचितच लाभतो. व्यापारानिमित्त नांदेड-लातूर मार्गाने जाणाऱ्यांनी एकदा लोह्याहून वाट वळवावी आणि मुलांनाही सोबत न्यावे. जे पाहिलेलेच नाही, ते पुढची पिढी जपणार कसे?