निजण्याची वेळ : स्वावलंबनाचा पहिला पाठ

दि. १९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरनजीकच्या कुंभारी येथे रे नगर वसाहतीतील १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कष्टकरी कुटुंबांच्या स्वाधीन झाली. आपल्यालाही लहानपणी असे घर लाभले असते तर, हा विचार बोलून दाखवताना त्यांचा कंठ दाटून आला होता. तीन दिवसांनी अयोध्येत रामललांची प्राणप्रतिष्ठा व्हावयाची होती आणि इकडे यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक यांच्या हाती स्वतःच्या घराच्या किल्ल्या येत होत्या. या ३०,००० घरांच्या योजनेचे भूमिपूजनही जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्याच हस्ते झाले होते. याच कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार भगिनींसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली होती. दोन्ही वसाहतींमागे मार्क्सवादी नेते नरसय्या आडम यांचा दीर्घ पाठपुरावा होता. त्यांच्या विचारसरणीशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत. परंतु श्रमिकाच्या डोक्यावर छप्पर यावे, याबाबत मतभेद असण्याचे कारण नाही.

शासन भिंती देऊ शकते, छप्पर देऊ शकते. त्या भिंतींच्या आत दिवस कसा उगवावा आणि रात्र कशी मावळावी, हे मात्र कुटुंबालाच ठरवावे लागते. सुमारे तीनशे चौरस फुटांच्या घरात आजी, आई-वडील आणि दोन-तीन मुले राहतात, तेव्हा त्यातील दहा-बारा वर्षांचे मूल रात्री किती वाजता, कोठे आणि कसे झोपते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण त्या मुलाचे आरोग्य, अभ्यास आणि चारित्र्य यांचा पाया बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर रचला जातो.

निद्रा : एक उपस्तंभ

आपल्या पूर्वजांनी निद्रेला आळसाच्या सदरात टाकले नव्हते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, ज्ञान आणि अज्ञान ही सारी निद्रेवर अवलंबून असतात, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. आधुनिक शास्त्रही वेगळे सांगत नाही. शरीराची वाढ करणारे संप्रेरक गाढ झोपेत अधिक स्रवते आणि दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत मनात पक्के बसते. सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या अकादमीने २०१६ मध्ये केली.

आता साधा हिशेब करून पाहावा. सकाळी सातच्या शाळेसाठी मुलाला सहाला उठावे लागत असेल, तर नऊ तास झोपेसाठी त्याला रात्री नऊच्या ठोक्याला निद्रा लागलेली असली पाहिजे. किती घरांत हे घडते? मुलांची झोप अपुरी होते, याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शासनाचे लक्ष वेधले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय निघाला. निर्णय स्वागतार्हच होता. पण पाचवीत पाऊल टाकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला त्याचा आधार नाही. त्याच्या झोपेचे रक्षण शासनाच्या आदेशाने व्हावयाचे नसून घरच्यांनीच ते करावयाचे आहे.

त्यातच या वयात निसर्गही आपला वेग बदलतो. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि डोळे जड होतात. पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर हे स्रवणे उशिरा सुरू होऊ लागते. म्हणूनच कालपर्यंत जेवता जेवता पेंगणारे मूल बाराव्या वर्षी रात्री दहालाही टक्क जागे असते. त्याला उद्धट किंवा आळशी ठरवण्याआधी आई-वडिलांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की डोळ्यांपुढे धरलेल्या भ्रमणध्वनीचा प्रखर प्रकाश ही निद्रा आणखी लांबवतो. निसर्गाने अर्धा तास मागितला असता आपण त्याला दोन तास देऊन बसतो.

उलटे झालेले स्वातंत्र्य

मूळ दुखणे येथेच आहे. आजच्या घराने मुलाला स्वातंत्र्य दिले, पण ते उलट्या टोकाने दिले. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती साऱ्या जगाचे दार उघडणारे यंत्र आपण निःशंकपणे देतो. परंतु त्याचे अंथरूण आईच घालते, सकाळी चादरीची घडीही आईच करते, दप्तर वडील भरतात, आणि पाच वेळा हाका मारून त्याला उठवण्याचे काम आजीकडे असते. जेथे विवेक परिपक्व व्हावयाचा आहे तेथे मोकळीक, आणि जेथे हात सहज चालू शकतात तेथे परावलंबन! अशा मुलाला स्वतंत्र म्हणता येणार नाही. ते केवळ एकटे पडलेले असते.

शहरातील सुखवस्तू कुटुंबांत याला आणखी एक मुलामा चढला आहे. मुलाला वेगळी खोली दिली म्हणजे ते स्वावलंबी झाले, ही पाश्चात्त्य समजूत आपण फारसा विचार न करता उचलली. बंद दाराआड मूल झोपले आहे की पडद्यावर बोटे फिरवीत आहे, हे आई-वडिलांना ठाऊक नसते. याउलट कुंभारीतील घरात वेगळी खोली हा प्रश्नच उद्भवत नाही. एकाच जागी सारे निजतात. आजीच्या श्वासाची लय ऐकत नातवंडांना झोप लागते. ही सामूहिक निद्रा आपल्या कुटुंबपद्धतीचे मोठे बळ आहे. मुलाला तेथे भीती वाटत नाही आणि त्याच्यावर अनायासे लक्षही राहते. स्वावलंबन भिंतीने येत नाही, ते सवयीने येते. अंथरुणाएवढ्या जागेतही ते शिकता येते.

मात्र या गौरवात स्वतःची फसवणूक होऊ देऊ नये. एका खोलीच्या घरात दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत चालू असेल, तर मुलाला “झोप” म्हणण्याला काय अर्थ उरतो? यंत्रमागावरची पाळी संपवून वडील घरी येतात. दुसऱ्या दिवशीच्या विड्यांसाठी आई पाने भिजवते, कात्रीने कापून ठेवते. त्या कामाशेजारी बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती नकळत कात्री येते आणि मुलगा बाहेर चौकात रेंगाळतो. एकीच्या वाट्याला अकाली ओझे आणि दुसऱ्याच्या वाट्याला अकाली मोकळीक, अशी ही वाटणी आहे. पोटाचा प्रश्न असणाऱ्या त्या मातेला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण झोपेची वेळ मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी, आणि अंथरूण-पांघरुणाचे कामही दोघांना सारखे, हा नियम गरिबीतही पाळता येतो. त्याला पैसा लागत नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संकोच सोडून बोलली पाहिजे. याच वयात तिच्या शरीरात बदल होऊ लागतात. लहान घरात तिला कपडे बदलण्यापुरता आडोसा, निजण्याची ठरलेली जागा आणि स्वतःचे वेगळे पांघरूण मिळणे, ही तिच्या मर्यादेची आणि सन्मानाची बाब आहे. एक दोरी आणि एक जुने लुगडे एवढ्या साधनांत पडदा होतो. दिवसभरात जे विचारता येत नाही ते मूल दिवा मालवल्यावर आईला विचारते. निजण्यापूर्वीची ती दहा मिनिटे आईने कामाच्या कितीही रगाड्यात राखून ठेवावीत. मुलाच्या बाबतीत तेच कर्तव्य वडिलांनीही करावे.

परंपरेने आखलेली वाट

मुलाला टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची कला आपल्या परंपरेला अवगत होती. गृह्यसूत्रांनी उपनयनाचे वय वर्णानुसार आठ, अकरा आणि बारा वर्षे असे सांगितले. म्हणजे आज आपण ज्या वयाची चिंता वाहत आहोत, नेमके त्याच वयात बटू आईचे अंथरूण सोडून गुरुगृही जात असे. गुरूच्या नंतर निजावे आणि त्यांच्या आधी उठावे, ही त्याची पहिली शिस्त होती. सोळाव्या वर्षी पुत्राला मित्र मानावे, असे सुभाषितकार सांगतो. मधली चार-पाच वर्षे त्या मैत्रीच्या सिद्धतेची असतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने शालेय मुलामुलींसाठी ‘विद्याव्रत’ संस्कार सुरू करून हाच आशय आजच्या काळाला साजेसा केला. घरोघरी तेवढा विधी शक्य नसेल, तर निजण्याची वेळ हेच छोटे व्रत करता येईल.

त्याची पायरी अशी लावता येईल. नवव्या-दहाव्या वर्षी मुलाने आपले दप्तर रात्रीच भरून ठेवावे, दात घासावेत, पाय धुवावेत, अंथरूण स्वतः घालावे आणि सकाळी चादरीची घडी स्वतः करावी. देवापुढची सायंप्रार्थना चुकवू नये. अकराव्या वर्षी त्याला एक साधे गजराचे घड्याळ आणून द्यावे आणि उठण्याचे दायित्व त्याच्यावर सोपवावे. एखादे दिवशी उशीर होईल, शाळेत बोलणी बसतील. ती त्याला बसू द्यावीत. चार हाका मारणाऱ्या आजीपेक्षा तो एक दिवस अधिक शिकवतो. बाराव्या वर्षी निजण्याची वेळ त्याच्याशी बोलून ठरवावी. नऊ की साडेनऊ, हे त्याला निवडू द्यावे. मात्र ठरलेली वेळ मोडण्याची सवलत असू नये. आजवर आजी गोष्ट सांगत होती; आता त्याने चार पाने स्वतः वाचावीत, शक्य तर धाकट्या भावंडाला वाचून दाखवावीत. तेराव्या वर्षी निजण्यापूर्वी आजीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणे, दाराची कडी पाहणे, दिवा मालवणे ही कामे त्याची व्हावीत. स्वतःचे काम स्वतः करण्यापासून निघालेले मूल येथे दुसऱ्याची काळजी वाहण्यापर्यंत पोहोचते. स्वावलंबनाची हिंदू कल्पना सेवेत परिणत होते, ती अशी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सारे पाळणे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि तापलेली घरे रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. त्या दिवसांत वेळ थोडी पुढे न्यावी, अंगणात किंवा गच्चीवर अंथरुणे घालावीत. क्रम मात्र मोडू नये.

मोठ्यांचा नियम

या व्रताची खरी परीक्षा मुलाची नाही, मोठ्यांची आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ मध्ये एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि पुढचा दीड तास गावातील दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद होत. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे एकमेकांशी बोलत. या उपक्रमाची ख्याती देशभर पसरली, कारण तेथे मुलांना नियम लावण्याआधी गावाने तो स्वतःला लावून घेतला. कुंभारीसारख्या हजारो घरांच्या वसाहतीत एवढे एकदम साधणार नाही. पण एका गल्लीतील दहा घरांनी रात्री साडेआठ वाजता संच बंद करण्याचे ठरवले, तर अकराव्या घराचा आवाज आपोआप खाली येईल.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. संघाच्या शताब्दी वर्षात जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले गेले, त्यात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. असे असताना आपल्याच बैठका रात्री नऊला सुरू होऊन अकराला संपतात. संपर्काच्या नावाखाली साडेनऊला एखाद्या घराची कडी वाजते, चहा होतो, चर्चा रंगते, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात पांघरुणातून एक मूल टक्क डोळ्यांनी पाहत असते. ज्या घरी दहा-बारा वर्षांचे मूल आहे तेथून साडेआठच्या आत निघावे, हा संकेत प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःपुरता पाळावा. कार्याची त्याने कसलीही हानी होणार नाही. आणि आठवड्यातून निदान काही रात्री तरी कार्यकर्ता पित्याने आपल्या मुलाच्या अंथरुणाशेजारी असावे. प्रबोधन ज्या कुटुंबापासून सुरू व्हावयाचे, ते पहिले कुटुंब आपलेच आहे.

सोलापूरच्या मागांनी साऱ्या देशाला चादरी पुरवल्या. त्याच सोलापूरच्या वेशीवर आज हजारो मुले प्रथमच स्वतःच्या हक्काच्या छपराखाली निजत आहेत. त्यांना पुरेशी झोप लाभावी, सकाळी आपल्या चादरीची घडी आपल्या हातांनी घालून ती शाळेला निघावीत, आणि त्यांच्यासाठी घरातील थोरांनी वेळेवर दिवा मालवावा. नव्या घरातील पहिली शिस्त म्हणून एवढे पुरे आहे. आणि ज्यांची घरे जुनी आणि प्रशस्त आहेत, त्यांनीही आज रात्रीपासूनच तिचा आरंभ करावा.