कठडा त्यांनाही लागलाच

मागच्या अंकातील फुजी बालवाडीवरच्या लेखाला आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: जपानमध्ये हे चालते, आमच्याकडे फाइल पहिल्याच टेबलावर अडेल. तक्रार खोटी नाही. एका वाचकाने बालवाडीच्या आराखड्यात आवारातला जुना कडुलिंब स्लॅबमधून तसाच वर काढला. उद्यान विभागाच्या अर्जात रकाने दोनच, वृक्षतोड किंवा पुनर्रोपण. झाड जागेवरच ठेवायचे, म्हणून अर्ज अपूर्ण. अर्ज अपूर्ण, म्हणून नकाशा परत. झाड तोडतो म्हणाले असते तर एव्हाना जोत्याचा दाखला हातात असता!

पण जपानमध्ये सगळे चालते, हे डोक्यातून काढा. वास्तुविशारद ताकाहारू आणि युई तेझुका यांनी टोकियोच्या पश्चिमेला ताचिकावात २००७ साली फुजी बालवाडीची ही लंबवर्तुळाकार इमारत बांधली. छपराचा बाहेरचा घेर १८३ मीटर, आतला १०८. मुले त्यावर गोल धावत सुटतात. कठडा नकोच, असे ताकाहारूंचे म्हणणे. कडेला जाळी काढू, पडणारे मूल तीत अडकेल, असेही त्यांनी सुचवून पाहिले. सरकारी अधिकाऱ्याने साफ सांगितले, कठडा लागेल. लागला. जाळीची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. छपरातून वर आलेल्या तीन झाडांभोवती ती वापरली आणि तिथल्या दोरीला कठडा म्हणून मान्यता मिळवली. मुले दोरीला जुमानत नाहीत, खुशाल जाळीत पडतात. नियम पाळला गेला, खेळही राहिला.

आपल्याकडे किती जण असे भांडतात? छायाचित्रातले लंबवर्तुळ तेवढे उचलायचे, त्यात वातानुकूलित काचेचे वर्ग कोंबायचे आणि माहितीपत्रकावर ‘जपानी संकल्पना’ छापायची, हे मात्र जोरात चालू आहे. छपराखालची उंची जेमतेम २.१ मीटर का, वर्गांमध्ये भिंती का नाहीत, सरकती दारे सताड उघडी का राहतात, हे संस्थाचालकाला समजावायची तयारी नाही. फुजीचे मुख्याध्यापक सेकिइची कातो वास्तुविशारदांच्या बरोबरीने उभे राहिले, म्हणून ते जमले. आपण चालकांना पहिल्या बैठकीत चटईक्षेत्र सांगतो आणि उठतो.

तेव्हा नुसती गाऱ्हाणी पाठवू नका. नामंजूर नकाशा, त्यावरचा शेरा जसाच्या तसा, आणि तुमचा छेद पाठवा. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखली आहेत. कडुलिंबाच्या अर्जापासून सुरुवात करू.