विश्लेषण : गंजलेली कॅम्पर व्हॅन पुन्हा रस्त्यावर येऊ शकते का? गाडीचे वय महत्त्वाचे की अवस्था?

सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या अंगणात वर्षानुवर्षे उभी असलेली मॅटाडोर, ट्रॅव्हलर किंवा ओम्नी दुरुस्त करावी, आत पलंग-शेगडी बसवावी आणि कोकणात भटकंतीला निघावे, असे स्वप्न अनेकजण पाहतात. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. त्याच महिन्यात ब्रिटनने जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीचे नियम सैल केले. हा फरक का? गंजलेली व्हॅन खरोखर रस्त्यायोग्य होऊ शकते का? आणि त्यासाठी आधी काय तपासावे?

नियमांत काय बदलले?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून थेट पाच हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीनंतर २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १० हजार रुपये झाले; जीएसटी वेगळा. परदेशातून आयात झालेल्या चारचाकीसाठी हेच शुल्क ८० हजार रुपये आहे.

खरी मेख विलंब शुल्कात आहे. मुदत संपूनही अर्ज केला नाही, तर चारचाकीसाठी दरमहा ५०० रुपये जास्तीचे भरावे लागतात. समजा, २२ वर्षांपूर्वी नोंदलेल्या व्हॅनची मुदत सात वर्षांपूर्वी संपली. ८४ महिन्यांचे विलंब शुल्क ४२ हजार रुपये आणि नूतनीकरणाचे १० हजार, म्हणजे ५२ हजार रुपये. त्यावर पर्यावरण कर, विमा आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा खर्च. दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च होण्याआधीचा हा हिशेब आहे. म्हणून अशी गाडी विकत घेणाऱ्याने बोनेट उघडण्याआधी परिवहन विभागाच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर तिच्या नोंदणीची स्थिती, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहणे शहाणपणाचे. नोंदणी रद्द झालेली किंवा भंगारात काढल्याची नोंद असलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती केवळ सुट्या भागांच्या मोलाची असते.

गंज इतका निर्णायक का?

इंजिन बंद पडले तर दुरुस्त होते किंवा बदलता येते. गंज मात्र गाडीचा सांगाडाच खातो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर ही क्रिया वेगाने होते. किनारपट्टीवर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्या देशावरच्या कोरड्या हवेतील गाड्यांपेक्षा लवकर सडतात, त्याचे कारण हेच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की सांधा आतून फुगतो आणि उसवतो.

व्हॅनच्या बाबतीत याला आणखी महत्त्व आहे. ट्रकला वेगळी चॅसी असते. वरचा पत्रा सडला तरी भार पेलणारी चौकट शाबूत राहू शकते. ओम्नीसारख्या गाड्यांत किंवा जगभर कॅम्पर म्हणून गाजलेल्या फोक्सवॅगन टाइप-२ मध्ये पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो. दाराखालचे पोकळ उंबरे, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची चौकट, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवतात त्या जागा, यांवर गाडीची ताकद अवलंबून असते. नेमक्या याच जागी पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर दिसणारा रुपयाएवढा फोड आत तळहाताएवढे भोक लपवून असू शकतो.

खरी दुरुस्ती आणि रंगसफेदी यांत फरक काय?

गॅरेजमध्ये अनेकदा भोकावर लांबी भरतात, घासतात आणि वर चकचकीत रंग मारतात. दिसायला गाडी नवी होते, ताकद शून्य. लांबी फक्त पृष्ठभाग सपाट करते, भार पेलत नाही. अपघातात असा उंबरा पुठ्ठ्यासारखा दुमडतो.

खरी दुरुस्ती उलट्या दिशेने चालते. आधी आतील चटया, आसने, फळ्या काढून पत्रा उघडा करायचा. जाड पेचकस किंवा छोट्या हातोडीने ठोकून पाहायचे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला किंवा पेचकस आत गेला तर सडलेला. सडलेला भाग चमकता पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा सलग वेल्डिंगने जोडायचा. गंजावरच तुकडा ठेवून चार टाके मारले, तर गंज खालून पुढे सरकतच राहतो. मोठा भाग कापण्याआधी आतून तात्पुरते आधार द्यावे लागतात; नाहीतर कवच वाकते आणि नंतर दरवाजे बसत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवणे आणि इंधनाची टाकी उतरवणे याला पर्याय नाही. शेवटी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट आणि पोकळ भागांत मेण किंवा गंजरोधक तेलाची फवारणी. पाणी वाहून जाण्याची मूळ भोके बुजलेली राहिली, तर दोन पावसाळ्यांत केलेले काम पाण्यात जाते.

एक भाग विशेष जपायचा असतो, तो म्हणजे चॅसी क्रमांक ठोकलेली जागा. आरटीओमध्ये तपासणीवेळी या क्रमांकाचा छाप घेतला जातो. तो गंजात पुसला गेला किंवा पत्रा बदलताना कापला गेला, तर उत्तम दुरुस्त झालेली गाडीही अडकते. तो क्रमांक पुन्हा ठोकायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते.

इंजिन सुरू झाले की काम संपले?

नाही. उलट अनेक वर्षे उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारणे धोक्याचे. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन आधी हाताने फिरवून पाहतात. जुने इंधन, ऑइल, कूलंट काढून टाकतात आणि टाकी साफ करतात. उंदरांनी कुरतडलेल्या तारा तपासतात, कारण आगीचे ते नेहमीचे कारण आहे.

त्याहून महत्त्वाचे ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि लोखंडी नळ्या कमजोर होतात. रबरी होज बाहेरून बरे दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. हे सारे बदलणे हा बचत करण्याचा भाग नव्हे. टायरची नक्षी खोल दिसली तरी फसू नये. टायरवरील चार आकडी कोडमधले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१२’ म्हणजे २०१२ मधील २३वा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर घाट उतरणे जिवावर बेतू शकते.

साध्या व्हॅनची कॅम्पर करणे कायदेशीर आहे का?

खासगी वापराची ‘कॅम्पर व्हॅन’ हा प्रकार भारतीय कायद्याला अपरिचित नाही. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत तो बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मात्र कायद्यात प्रकार आहे, म्हणून कोणीही घरच्या घरी व्हॅनची कॅम्पर करावी असा त्याचा अर्थ नाही.

कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काढता-घालता येणारी गादी किंवा घडीची शेगडी नेणे वेगळे. आसने कायमची काढणे, छप्पर कापून उंच करणे, बांधणी बदलणे हे वेगळे. त्यासाठी काम सुरू करण्याआधीच आरटीओकडे जावे लागते. न कळवलेल्या बदलाचा फटका अपघातानंतर विम्याच्या दाव्यालाही बसू शकतो.

सुरक्षेचे गणितही आहे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. त्यात प्लायवूड, बॅटऱ्या आणि माणसे मिळवली की छोट्या व्हॅनची क्षमता सहज ओलांडली जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर तळाशी साचतो; म्हणून हवा खेळण्याची वाट जमिनीलगत हवी. बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

‘विंटेज’ नोंदणीचा मार्ग सोपा आहे का?

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज दर्जा मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध असते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र चॅसी, कवच वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. सुट्टीच्या भटकंतीसाठी हा दर्जा उपयोगाचा नाही. पुण्यात बजाज टेम्पोने घडवलेल्या सुरुवातीच्या मॅटाडोर आता वयाच्या हिशेबात इथवर पोहोचल्या आहेत. त्यांच्या मालकांना ‘जपायची की वापरायची’ हे ठरवावे लागेल.

इतर देश काय करतात?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न झालेल्या गाड्यांना रस्ताकर आणि ‘एमओटी’ या वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. त्याहून नव्या गाड्यांची तपासणी कठोर आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट बसवलेल्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल, तर गाडी नापास होते. म्हणजे गंज किती आणि कुठे, याची मोजपट्टी आहे. दुरुस्ती सुरू असताना गाडी रस्त्यावर नसल्याची अधिकृत नोंद करता येते; तेवढा काळ करही नाही आणि विम्याची सक्तीही नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर मूळ रूप राखून केलेली दुरुस्ती, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलत नसेल, तर कळवण्याचीही गरज उरलेली नाही. जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या, सुस्थितीतील आणि मूळ रूपातील गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. नियमित तपासणी मात्र सुटत नाही.

मग भंगार बरे की दुरुस्ती?

जुन्या वाहनांना सरसकट अभय देता येणार नाही. भारतात वाहनांसाठीचे उत्सर्जन निकष २००० पासून टप्प्याटप्प्याने कडक होत १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ पर्यंत आले. जुने डिझेल इंजिन कितीही मन लावून दुरुस्त केले तरी त्या पातळीला येत नाही. शहरात रोज धावणारी अशी गाडी शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर भार टाकते. पण वर्षात चार सहली करणाऱ्या, नीट दुरुस्त केलेल्या व्हॅनचे आणि रोज धूर सोडत मालवाहतूक करणाऱ्या टेम्पोचे माप एकच असावे का, हाही प्रश्न रास्त आहे.

दिल्लीचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर केवळ वयाच्या आधारे बंदीची भूमिका २०१५ पासून होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करण्यास मनाई केली आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. निकष वयाकडून उत्सर्जनाकडे सरकला.

महाराष्ट्रात नोंदणी संपलेल्या जुन्या व्हॅनच्या मालकासमोरचा पेच यातूनच येतो. शुल्क वयानुसार वाढते, पण लांबी भरून रंगवलेल्या गाडीलाही तेवढेच पडते आणि सांगाडा नव्याने जोडलेल्या गाडीलाही. प्रामाणिक दुरुस्तीला त्यात सवलत नाही आणि लपवलेल्या गंजाला वेगळी शिक्षा नाही. तपासणीत भार पेलणाऱ्या भागांतील गंजाचे नेमके मोजमाप आणि दुरुस्ती काळात विलंब शुल्काला विराम, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी चित्र बदलू शकते. तोवर हौशी मालकासाठी क्रम ठरलेला आहे : आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी पलंग व पडदे. पहिल्या दोन पायऱ्यांवर उत्तर नकारार्थी आले, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन ठेव प्रमाणपत्र घेणे आणि त्यावर नव्या वाहनाच्या करात मिळणारी सवलत पदरात पाडून घेणे, हाच कमी नुकसानीचा मार्ग.