उसने नाक

दिवाळीचा चौथा दिवस उजाडला की आमच्या घरी चकलीच्या डब्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. चार दिवस तेलातुपात पोहून झाल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी असते: "आज साधा आमटी-भात होऊ दे!" साधा म्हणे! या साध्या आमटीत धन्यापासून हिंगापर्यंत सोळा जिन्नस असतात, याची मागणी करणाऱ्यांना गंधवार्ताही नसते. आणि खरे सांगायचे तर लग्नानंतर वीस वर्षे ती मलाही नव्हती.

या सदरात मी एरवी पुस्तकांविषयी आणि शब्दांविषयी लिहिते. दिवाळी अंकापुरती स्वयंपाकघरात शिरायची मुभा संपादकांनी दिली आहे, तेव्हा यंदा गोड्या मसाल्याची हकिगत सांगते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. शेवटचा तास आटोपून बसने घरी यायला सात वाजतात. हातपाय धुऊन ओट्याशी उभी राहिले की साडेआठाच्या आत पाने वाढायची असतात. कुकरात डाळ-तांदूळ चढवावेत, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करून तीवर घोटलेली डाळ ओतावी, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ घालावे, चमचाभर गोडा मसाला टाकावा आणि एक उकळी आणावी. मंगळवारी आमटी, बुधवारी मटकीची उसळ, गुरुवारी भरली वांगी. भाजी बदलते, चमचा तोच. मैत्रिणी म्हणतात, "तुझा उरक दांडगा आहे हो!" मी हसून घेते. पण उरक माझा नव्हे, त्या बरणीचा. वैशाखात कुणीतरी दोन दिवस विस्तवापाशी घालवलेले असतात म्हणून कार्तिकात माझा स्वयंपाक अर्ध्या तासात होतो.

आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे सासूबाई. पावसाच्या आधी, कडक उन्हे असताना त्या जिन्नस वाळवीत आणि भाजायला बसत. माझ्याकडे काम एकच होते: भाजलेला डबा कांडपावर न्यायचा आणि आधीच्या गिऱ्हाइकाचे तिखट आमच्या मसाल्यात मिसळत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. भाजताना मी कधी जवळ गेले की त्या म्हणत, "तू तुझे पेपर तपास. इथं नाकाचं काम आहे."

हे अक्षरशः खरे होते. सासूबाई नाकाने भाजत. पाठमोऱ्या बसून दुसऱ्या कुणाशी बोलत असल्या तरी "धने झाले, उतरव" असे म्हणून कढई खाली घेत. मी एकदा वही घेऊन प्रमाण विचारायला बसले. उत्तर मिळाले ते असे: "धने सहा चिपटी. दगडफूल ओंजळभर. लवंग मुठीत मावेल एवढी. माझ्या सासूबाई चार आण्यांचं दगडफूल आणायला सांगायच्या." आता दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक मी शाळेत न शिकताही मला ठाऊक होते. पण चार आण्यांचे दगडफूल म्हणजे किती? आणे १९५७ साली हिशेबातून गेले. पंचवीस पैशांना आपण चार आणे म्हणत राहिलो, तर ते नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. सासूबाईंना लग्नात कुणीतरी कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' दिले होते. ते पुस्तक निघाले १९७० साली आणि यांचे लग्न १९७१ सालचे. त्यातला केक त्यांनी करून पाहिला. मसाल्याच्या पानाला मात्र तेलाचे एक बोटही लागलेले नव्हते. मी वही मिटली. बरणी भरलेली होती आणि मला घाई नव्हती.

२०२१ च्या एप्रिलात घरात सगळ्यांना ताप आला. त्या साथीत तेव्हा घरोघर काय चालले होते ते वाचकांना सांगायला नको. आम्ही सगळे बरे झालो, सासूबाईही बऱ्या झाल्या; पण त्यांचे नाक गेले. उदबत्ती कळेना, ऊतू गेलेले दूध कळेना. आधी वाटले, आठवडाभरात येईल. आम्हा इतरांचे आले, त्यांचे आले नाही. जेवताना त्या चेष्टेने म्हणायच्या, "वाढा काहीही, मला सगळं सारखंच!" मग पुढे पुढे चेष्टाही करीनाशा झाल्या, आणि निम्मे पान टाकून उठू लागल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि हल्ली ज्याला उमामी म्हणतात तो मांसल स्वाद, एवढेच ओळखता येते. तिखट ही तर चवसुद्धा नव्हे, नुसती आग. बाकी ज्याला आपण चव चव म्हणतो ती घास चावताना घशामागून नाकात चढते. त्यांनी एक व्यायामही दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी सहकाऱ्यांसह २००९ साली मांडलेला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोन वेळा, निदान बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लवंग हुंगायला डॉक्टर कशाला हवा होता?" पण दुसऱ्या दिवसापासून चार बाटल्या घेऊन त्या नेमाने बसू लागल्या. बारा आठवडे झाले, चोवीस झाले. काही नाही.

२०२२ च्या वैशाखात बरणीचा तळ दिसला. मी म्हटले, "आई, यंदा विकतचा आणू या का? हल्ली बरे मिळतात." त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माळ्यावरून पितळेचे चिपटे काढून, चिंच लावून लख्ख घासून ठेवलेले दिसले. मी काय समजायचे ते समजले.

मंडईजवळून जिन्नस आणले. किलोभरासाठी कांडपवाला तयार होईना, म्हणून मिक्सरवर करायचे ठरले. मी स्वयंपाकघरातला छोटा काटा पुढे ठेवला. "नाक काय वजनावर चालतं?" असे त्या पुटपुटल्या, पण त्यांनी मापायचे आणि मी काट्यावर टाकून लिहायचे, असा तह झाला. त्या वहीतले प्रमाण देते. चार माणसांना ते सहा महिने पुरते. धने ५०० ग्रॅम, सुके खोबरे २००, तीळ १००, जिरे ५०, खसखस २५, दगडफूल २५, दालचिनी १५. लवंग, मिरे, शहाजिरे, तमालपत्र आणि खडा हिंग प्रत्येकी १०. नागकेशर आणि वेलदोडे प्रत्येकी ५. दोन हळकुंडे आणि रंगापुरत्या दहा सुक्या मिरच्या. गोडा मसाला म्हणजे गोड नव्हे. गोड्या पाण्यात साखर नसते, तशी यातही नसते. जे खारे नाही ते पाणी गोडे, जो झणझणीत नाही तो मसाला गोडा. काही घरांत यालाच काळा म्हणतात. देशावरच्या पुष्कळ घरांत मात्र काळा मसाला हा चांगला जाळ काढणारा वेगळा प्रकार असतो.

तर मी विस्तवापाशी आणि सासूबाई शेजारी स्टुलावर. पहिल्यांदा खोबऱ्याचा कीस कढईत टाकला. तो मंद आचेवर कोरडाच भाजायचा असतो. बदामी होईपर्यंत फार वेळ लागतो आणि बदामीचा काळा व्हायला मुळीच लागत नाही. मी त्यांच्या सूचनेची वाट पाहत होते. त्या माझ्याकडे पाहत होत्या. खोबरे करपले, खोली धुराने भरली, माझ्या डोळ्यांत पाणी आले, तरी माझ्या शेजारी बसलेली ती बाई, जिने पन्नास वर्षे पाठमोरी बसून कढया उतरवल्या, एक शब्द बोलली नाही. धूर दिसला तेव्हा त्यांना कळले. "करपलं होय गं?" एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी गॅस बंद केला. आत जाऊन काय बोलावे ते सुचेना. वीस वर्षे वर्गात शब्दांचेच काम करूनही अशा वेळी शब्द सापडत नाहीत. शेवटी म्हटले, "आई, नाक माझं घ्या. पण कशाचा वास हवा ते तुम्ही सांगा. मला ओळखता येत नाही." त्या थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कढई धू. दुसरं खोबरं किस."

मग खरे शिक्षण सुरू झाले. त्या विचारीत, "आता कसा येतोय?" मी सांगे, "कच्चा, लाकडासारखा." "थांब. आता?" "भाजलेल्या शेंगदाण्यासारखा." "उतरव!" जिरे आधी मातकट आणि मग खमंग होते, धने ओल्या पाल्याचा वास टाकून कोरडे, उबदार होतात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा तो हट्ट म्हणून नव्हे. धना जाड, जिरे बारीक. एका कढईत टाकले तर जिरे जळेपर्यंत धना कच्चा राहतो. जिथे माझे नाक पोचेना तिथे त्यांचे कान आणि डोळे होते. तीळ तडतडायचे थांबायच्या आत काढायचे. हिंगाचा खडा तेलात फुलून आतून पांढरा दिसला पाहिजे. तमालपत्र हातात चुरले पाहिजे. लवंग, दालचिनी वगैरे मंडळींना चमचाभर तेल पुरते. सगळे पूर्ण निवल्याशिवाय दळायचे नाही. वाफ धरली तर मसाल्याचे गोळे होतात. तीळ आणि खोबरे अगदी शेवटी, थांबून थांबून फिरवायचे, एरवी त्यांचे तेल सुटून लगदा होतो.

दगडफुलाशी आम्ही दोघी अडलो. ही खडकावर, झाडाच्या सालीवर वाढणारी वाळकी पापुद्र्याची वस्तू. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. कच्चे हुंगले तर धूळ, जिभेवर ठेवले तर कागद. तेलात पडले की मात्र पहिल्या पावसाच्या जमिनीसारखा, धुरकट असा वास सुटतो, आणि गोड्या मसाल्याला गोडा मसाला करतो तो हाच. तो वास मी सासूबाईंना सांगू लागले आणि मला सांगता येईना. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "राहू दे. मला आठवतो."

बरणी भरली. पहिल्या आमटीचा भुरका घेऊन त्या म्हणाल्या, "खोबरं अंमळ पुढं गेलंय. कडसर लागतं." मला आनंदच झाला. कडू हा जिभेचा प्रांत होता. निदान तो किल्ला शाबूत होता.

तेव्हापासून वर्षातून दोनदा आम्ही मसाला करतो. माझे नाक आता बरे चालते. चार बाटल्यांचा नेम त्यांनी सोडलेला नाही. लवंगेच्या बाटलीशी कधी कधी "काहीतरी आहे" म्हणतात, दुसऱ्या दिवशी "नाही" म्हणतात. आम्ही त्याविषयी फार विचारीत नाही.

यंदाच्या वैशाखातली गोष्ट. मंगळवारची आमटी, रात्रीचे साडेआठ. पोरे मोबाइलात, यजमान बातम्यांत. सासूबाईंनी भात कालवला, दोन घास घेतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दगडफूल यंदा चांगलं मिळालं हो."

मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. दगडफुलाला जिभेवर चव नसते. ते माझ्या समाधानासाठी म्हटले, की खरेच काही त्यांच्यापर्यंत पोचले, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. त्यांनी ताट थोडे पुढे सरकवले, एवढे मात्र मी पाहिले. मी आणखी आमटी वाढली.