दोन अंकांमधले हसू

परकीय राजवटीच्या मानासाठी उभारलेला थाट किती दिवस पुरतो, याचा एक मासला अठराव्या शतकातील नेपल्समध्ये सापडतो. त्या वेळी तेथे ऑस्ट्रियाची सत्ता होती. सम्राज्ञीच्या जन्मदिनाप्रीत्यर्थ ५ सप्टेंबर १७३३ रोजी सान बार्तोलोमेओ नाट्यगृहात पेर्गोलेसी या तेवीस वर्षांच्या संगीतकाराची तीन अंकी गंभीर संगीतिका सादर झाली. तिचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. परंतु अंकांमधल्या फुरसतीत प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून जी दोन भागांची करमणूक त्याच रात्री झाली, ती 'ला सेर्वा पाद्रोना', म्हणजे 'मालकीण झालेली मोलकरीण', अद्यापही गायिली जाते.

कथा मूठभर आहे. उबेर्तो हा वयस्क ब्रह्मचारी चॉकलेटच्या पेल्यासाठी तीन तास ताटकळला आहे; सेर्पिना ही मोलकरीण ते आणीत नाही, वर त्यालाच दटावते. वैतागून तो लग्नाची भाषा काढतो. तेव्हा ती व्हेस्पोने या गड्याला कप्तानाचा वेष चढवून आपला नियोजित वर म्हणून उभा करते. हा कप्तान अवाक्षर बोलत नाही. मात्र त्याच्या नावाने भरमसाट हुंडा मागितला जातो. हुंडा मोजा, नाहीतर स्वतःच मला वरा! उबेर्तो दुसरा मार्ग पत्करतो. गाणारे दोघे, मुका एक, साथीला मोजकी तंतुवाद्ये. एवढाच सारा संसार.

१७४६ साली पॅरिसमध्ये हा खेळ झाला, तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. १७५२ च्या ऑगस्टमध्ये मात्र एका इटालियन मंडळीने तोच खेळ राजाश्रित ऑपेरागृहात केला आणि शहर दुभंगले. शब्द तेच, चाली त्याच. बदलली होती ती जागा. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. विनोद पायरीवर बसला तोवर तो कोणास सलत नव्हता. (आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात फार्सला पौराणिक खेळाच्या शेपटाचीच जागा मिळे.) देवदेवतांसाठी राखलेल्या रंगमंचावर एक मोलकरीण हक्काने गाऊ लागली, हे प्रतिष्ठितांना सोसवले नाही.

दोन वर्षे पत्रकांचा पाऊस पडला. १७५३ मध्ये रूसोने तर फ्रेंच भाषा मुळी गाण्याच्या लायकीचीच नाही, असा निवाडा देऊन टाकला. आदल्याच वर्षी त्याने स्वतः रचलेली फ्रेंच संगीतिका राजापुढे गाजली होती, हे त्याच्या सोयीने विसरले गेले असावे! राजा आणि पॅरिसचे वरिष्ठ न्यायपीठ यांचा तंटा तेव्हा पेटला होता. आपल्या पत्रकाने लोकांचे लक्ष तिकडून वळवून राज्यक्रांती टाळली, असेही त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. भाषावादात मुरलेल्या आमच्या प्रदेशाला या फुशारकीचे नवल वाटू नये. कोणती भाषा कशास योग्य, हे ठरविण्याची घाई विद्वानांनाच अधिक असते.

१७५४ मध्ये इटालियन मंडळीची पॅरिसहून पाठवणी झाली. त्याच ऑगस्टमध्ये बोराँने केलेले या खेळाचे फ्रेंच रूपांतर तेथील दुसऱ्या नाट्यगृहात रंगमंचावर आले. पेर्गोलेसीच्या त्याच चालींवर सेर्पिना आता फ्रेंचमध्ये मालकाला दटावीत होती, आणि पॅरिसकर गर्दी करून ऐकत होते.